हेमराजच्या नावाची गॅरंटी

भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही, हे आधीच सांगून ठेवते. सुरतेच्या नवागामात माझी पिठाची चक्की आहे. दळण घेऊन येणारी बाई डब्याबरोबर एखादं भूतही घेऊन येते, कोणाच्या सासूचं, कोणाच्या सवतीचं. मी हं हं करते आणि पट्टा चालू करते. त्या आवाजात भलेभले गप्प होतात. पण हेमराजचं मला कोणी सांगितलं नाही. ते मी माझ्या कानांनी ऐकलं, भर उन्हात, गाडीभर लेकरांच्या कलकलाटात.

हेमराज आमचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. तो खानदेशातला, अमळनेरकडचा, आम्ही वऱ्हाडातले. आमचे हे बमरोलीला कापडाच्या लूमवर जायचे. हेमराजही आधी लूमवरच होता, पण मशीनच्या आवाजानं त्याचं डोकं उठायचं. मग गाडी चालवायला शिकला, एक जुनी पांढरी व्हॅन घेतली आणि शाळेची पोरं ने-आण करायला लागला. माणूस सरळ. एकच खोड होती, गॅरंटीची. कुकर घेतला, गॅरंटी किती? पंखा घेतला, गॅरंटी किती? एकदा कुंभाराला माठाची गॅरंटी विचारली, तर कुंभारानं त्याच्या हातातला माठ काढून घेतला आणि म्हणाला, चाल, पुढे हो. त्याची बायको सुंदरा तोंडाला पदर लावून सांगायची, "लगीनमा मना बापले बी इचारेल व्हतं यास्नी!" म्हणजे लग्नात तिच्या बापालाही यानं पोरीची गॅरंटी विचारली होती. आम्ही बाया पोट धरून हसायचो.

त्या व्हॅनला त्यानं गॅसचा किट बसवून घेतला. गाडी पेट्रोलवरही चालायची, गॅसवरही. स्टिअरिंगजवळ एक बटण होतं. इकडे टाकलं की पेट्रोल, तिकडे टाकलं की गॅस. गाडी सुरू करायची पेट्रोलवर, जरा तापली की घ्यायची गॅसवर. बटण टाकलं की टक् असा आवाज यायचा, चांगला खणखणीत. किट बसवणारा रिंग रोडवरचा दुकानदार गोडबोल्या. साध्या गॅरंटीवर त्यानं हेमराजला वाढीव गॅरंटीही विकली. साधी संपली की ही सुरू होणार, काहीही बिघडो, बदलून देणार. हेमराज ते कार्ड घेऊन माझ्या चक्कीवर आला होता, पेढा घेऊन. मी म्हटलं, "पोरगा झाला का रे?" तर म्हणाला, "वहिनी, आता निवांत. माणसाची गॅरंटी नाही देत कोणी, वस्तूची तरी आहे."

उत्तरायणच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आधीचे दिवस होते, आकाशात पतंग दिसायला लागले होते. हेमराज शाळेतून पोरं घेऊन निघाला. डिंडोलीच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबली. फाटक बंद असलं की तो इंजिन बंद करायचा आणि आगगाडी गेली की बटण पेट्रोलवर टाकून पुन्हा सुरू करायचा. त्या दिवशी मालगाडी गेली. पोरांनी टक् ऐकलं. पण गाडी सुरू झाली नाही. फाटक वर गेलं, मागचे हॉर्न मारायला लागले, रिक्षावाले शिव्या द्यायला लागले. पुढं बसलेली मयुरी नावाची चिमुरडी म्हणाली, "काका झोपले." हृदय बंद पडलं होतं. हात बटणावरच होता. चाळिशीही ओलांडली नव्हती त्यानं.

सुंदरा रडली नाही. खरं सांगते, मला तिचा रागच आला होता. दहावं झालं, तेरावं झालं, बाई कोरडीच्या कोरडी. घरात साड्यांवर टिकल्या लावायचं काम आणायची, त्याच टिकल्या पुन्हा लावत बसली. मग एक दिवस बघते तर काय, हेमराजच्या एका ड्रायव्हर मित्राला भाऊ मानून ही गाडी शिकतेय! नवागामात बाई गाडी चालवणार म्हटल्यावर काय झालं असेल, विचारू नका. माझ्या चक्कीवर दळणापेक्षा बोलणंच जास्त दळलं गेलं. मी एकदा पट्टा बंद करून सगळ्यांसमोर विचारलं, "काहून वं, तिच्या घरी किराणा कोण भरणार, तुझा नवरा?" मग डबे उचलून वाटेला लागल्या. शाळेच्या वेळेला सुंदरा डोक्यावरचा पदर कानामागं खोचून व्हॅन काढायची आणि तिची दहावीतली गायत्री लाजून मान खाली घालायची. गायत्री आईशी गुजरातीत बोलायची. अहिराणी तिला समजायची, पण मैत्रिणींसमोर ती न समजल्यासारखं करायची.

आता आखाजी. आम्ही अक्षय्य तृतीया म्हणतो, गुजराती अखात्रीज म्हणतात. त्यांचा तो खरेदीचा मुहूर्त. या खानदेशी लोकांचं मात्र निराळं. पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि त्याच दिवशी मेलेल्यांना जेवायला बोलावतात. मातीची घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आंबे, सांजोऱ्या ठेवायच्या. उंबऱ्याशी गोवरीचा निखारा ठेवून त्यावर तूप आणि घास टाकायचा, नाव घेऊन हाक मारायची. त्याला ते आगारी म्हणतात. घरात कोणी गेलं असेल तर पहिल्या आखाजीला ही घागर भरावीच लागते, नाहीतर माणूस पितरांत जात नाही, अधांतरी राहतो.

हेमराजचा थोरला भाऊ निंबा गावाहून येऊन सांगून गेला होता की घागर आपल्या घरी, गावाच्या उंबऱ्यावर भरू. सुंदरा म्हणाली, मी पण भरणार, माझ्या हातानं. पण कुठं भरणार? आमच्या चाळीतल्या खोल्या भाड्याच्या. तिच्या मनात बसलं होतं की भाड्याच्या उंबऱ्यावर पितर येत नाहीत; उंबरा आपल्या मालकीचा लागतो, नाहीतर ते दारावरून परत फिरतात. सुरतेत हेमराजच्या नावावर काय होतं? एक व्हॅन. मग या बाईनं काय करावं? व्हॅनच्या सरकत्या दारात घागर मांडली, तिथंच निखारा ठेवला आणि गाडीत तोंड घालून हाक मारली, "जेवाले या हो!"

मी कमरेवर हात ठेवून बघत होते. मला हसू आलं होतं. पुढं ते हसू मला फार महागात पडलं असं नाही, पण आज आठवलं की अंगावर काटा येतो.

त्यानंतर उन्हाळ्याची सुट्टी लागली. जूनमध्ये शाळा सुरू झाली, सुंदरानं गाडी काढली आणि फाटकाशी आली. गाडी गॅसवर होती, फाटक उघडंच होतं. टक्! बटण आपोआप पेट्रोलवर गेलं.

ती म्हणाली, हात लागला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नंतर रोज. उधन्यात नाही, शाळेशी नाही, पेट्रोलपंपावर नाही. फक्त फाटकाशी. मी म्हटलं, वायर सैल झाली असेल, रुळांचा धक्का बसतो. आणि एक दिवस मीच तिच्याबरोबर बसले, पोरांमध्ये, मांडीवर पिठाचा डबा घेऊन. सुंदराचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, मला स्पष्ट दिसत होते. रूळ अजून आले नव्हते, धक्का बसला नव्हता. आणि टक्. तोच आवाज. मागून एक पोरगी अगदी सहज म्हणाली, "काकांनी केलं." दुसरी पोरं आपापल्या गप्पांत. त्यांना त्याची सवय झाली होती हो! मी मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

सुंदरानं आरशातून माझ्याकडं बघितलं. हेमराज गेल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा मला जरा मऊ दिसला. "गाडीमा शेतस त्या," ती हळूच म्हणाली. गाडीतच आहेत ते.

मी तिला ओढत किटवाल्याकडं नेलं. म्हटलं, भूत नंतर बघू, आधी वायर बघू, गॅरंटी कशासाठी घेतली? तो गोडबोल्या आता ओळखही देईना. दुकानातल्या पोरानं गाडी तपासली. दुकानासमोर बटण बरोबर चालत होतं. दुकानदार म्हणाला, दुकानात दोष दिसायला हवा, फाटकाशी दिसून काय उपयोग. दुसऱ्या खेपेला म्हणाला, बटणाला गॅरंटी आहे, आतल्या स्प्रिंगला नाही. तिसऱ्या खेपेला म्हणाला, बाहेरच्या मिस्त्रीनं हात लावलेला दिसतो. मी म्हटलं, "अरे मग वाढीव काय होतं रे तुझ्या गॅरंटीत, तुझं पोट?" तेव्हा त्यानं कार्ड उलटंसुलटं केलं आणि शेवटचं हत्यार काढलं.

"बेन, गॅरंटी तो हेमराजभाईना नामनी छे. मालिकने लई आवो."

मालकाला घेऊन या! त्याला माहीत होतं, हेमराज गेलाय. मी चप्पल काढणारच होते. पण सुंदरा शांतपणे म्हणाली, "वो तो रोज आते हैं. आप फाटक पे आ जाना." तो दुकानदार खुर्चीतून अर्धा उठला आणि पुन्हा बसला. त्यानंतर आम्ही त्याच्याकडं गेलो नाही. जाऊन करायचं काय? हेमराजनं आयुष्यभर गॅरंट्या जमवल्या आणि एकही वेळेला कामाला आली नाही. मला त्या कार्डाचा असा संताप आला होता की ते चक्कीत घालून दळावं.

इथवर सगळं ठीक होतं. बटण पेट्रोलवर पडलं की सुंदरा ते पुन्हा गॅसवर घ्यायची, पुढं जायची. मला तर वाटतं, ती दिवसभर त्या एका आवाजासाठीच गाडी चालवायची. फाटक जवळ आलं की पदर नीट करायची. विधवा बाईला एवढंही सुख लोक देत नाहीत, मी कशाला हिसकावू?

पण पुढच्या वर्षी, परीक्षांच्या सुमारास, टाकीतलं पेट्रोल तळाला गेलेलं तिच्या लक्षात आलं नाही. फाटकाशी टक् झालं, गाडी पेट्रोलवर गेली, होतं तेवढं संपलं, आणि व्हॅन रुळांच्या मधोमध बंद पडली. आत पोरं. गेटमन शिट्टी फुंकत धावला. सायकलवाले, लूमवरून सुटलेले कामगार धावले, सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली. ती बाहेर काढली, फाटक पडलं आणि मग आगगाडी गेली. कोणाला खरचटलंही नाही. पण सुंदरा घरी आली ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "उषाताई, ते लेकरांना न्यायला आले होते का हो?"

मी तिच्यावर ओरडले. "हेमराज? पोरांच्या चॉकलेटसाठी खिसा भरून ठेवणारा माणूस? जीभ झडेल तुझी!" पण ओरडता ओरडता माझाही आवाज कापत होता.

दुसऱ्या दिवसापासून आया यायला लागल्या. ताई, आमची रुपाली उद्यापासून नाही येणार. ताई, आमच्या पोराला त्याचे पप्पा सोडतील. गाडी रिकामी व्हायला लागली. गाडी रिकामी म्हणजे चूल रिकामी. आणि गायत्रीनं एकदाचं तोंड उघडलं, तेही मराठीत. "मम्मी, लोकांची पोरं आहेत त्या गाडीत. पप्पांना तू पकडून ठेवलंयस."

सुंदरानं तिला मारलं नाही. गाडी बदलायची, एवढं ठरलं.

उधन्याकडच्या एका शोरूमनं अखात्रीजला जुनी द्या, नवी घ्या असा मेळा लावला होता. तोच दिवस, आखाजीचा. सुंदरापुढं पेच असा पडला की गाडी दिली तर गाडीतल्या माणसाचं काय? तो जाणार कोणाकडे? उद्या ती गाडी कोणी भाजीवाला घेईल, कोणी परमुलखातला घेईल. हे कुठं कुठं फिरत राहतील? ती रात्रंदिवस तेच बोलायची. शेवटी आम्ही भागीरथीआजीकडं गेलो. ती डिंडोलीत राहणारी खानदेशातली म्हातारी, दात एक नाही, पण जिभेला धार. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सुंदराच्या कपाळावर टिचकी मारली. "येडी व्हय का तू? दारात बोलवायचं ते गाडीत बोलावलंस. गाडीला कधी उंबरा असतो का? आता जिथं बसवलंस तिथून उतरव. निखारा ठेव, हाक मार आणि पायी घरी घेऊन ये. गाडीत बसायचं नाही. आणि वाटेत मागं वळून बघायचं नाही. वळलीस की ते तिथंच थांबतील."

"पण आजी, खोली भाड्याची."

"अन् तू कुठं राहतेस? भाड्याच्याच ना? मग ते येतील तुझ्या मागं. नाहीतर नाही येणार. त्याची गॅरंटी मी नाही देत बाई."

आखाजीच्या सकाळी सुंदरानं दारात घागर भरून ठेवली, तिच्यावर डांगर ठेवलं, आणि आम्ही दोघी व्हॅन घेऊन निघालो. फाटकाशी टक् झालं. शेवटचं. सुंदरानं बटणावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून गाडी पुढं काढली.

शोरूममध्ये मंडप, झेंडूची तोरणं, टेपवर सनई. नटूनथटून आलेली गुजराती कुटुंबं नव्या गाड्यांवर साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढत होती, नारळ फोडत होती. कागद झाले. नवी गाडी पासिंगनंतर मिळणार होती. टाय घातलेला एक पोरगा गोड हसून म्हणाला, "बेन, एक्स्टेंडेड वॉरंटी पण लई लो, पछी कोई चिंता नहीं." मी म्हटलं, "बाळा, तू आता माझ्यासमोरून जा." तो गेला. मग एक माणूस आमची जुनी व्हॅन मागं न्यायला किल्ली मागायला आला.

"जरा ठहरो," सुंदरा म्हणाली.

तिनं पिशवीतून गोवरी काढली. समोरच्या चहावाल्याच्या शेगडीतून निखारे आणले. व्हॅनचं दार सरकवलं, दाराशी जमिनीवर निखारा ठेवला, त्यावर तूप सोडलं, सांजोरीचा तुकडा ठेवला. धूर निघाला. त्या झेंडूच्या, पेढ्यांच्या, नव्या गाड्यांच्या गर्दीत सगळे वळून बघायला लागले. मॅनेजर धावत आला. "बेन, अहीं शुभ काम चाले छे, आ शुं करो छो?" इथं शुभ काम चाललंय, हे काय करता, म्हणे.

मी कमरेला पदर खोचला. "शेठ, तिचा घरवाला है गाडी में. उतरने दो. तुम्हारी गाडी खाली होनी चाहिए ना?"

त्यानं व्हॅनकडं बघितलं, सुंदराकडं बघितलं. मग मागं वळून कोणाला तरी खूण केली. सनई बंद झाली.

सुंदरा दाराशी वाकली. इतक्या लोकांसमोर, नवऱ्याचं नाव कधी न घेतलेली ती बाई मोठ्यानं म्हणाली, "हेमराज! उतरा. घर चाला. लेकरं भितस तुमले. चाला, मी लेवाले येल शे." पोरं तुम्हाला घाबरतात, चला, मी न्यायला आलेय. आणि तिथं तिचा बांध फुटला. तोंड न लपवता रडली. एक गुजराती म्हातारी पुढं आली, तिनं आपल्या नव्या गाडीसाठी आणलेला नारळ निखाऱ्याजवळ ठेवला आणि मागं झाली.

मग सुंदरा उठली, व्हॅनकडं पाठ केली आणि चालायला लागली.

वैशाखाचं ऊन डोक्यावर. डांबर चपलेला चिकटत होतं. ती पुढं, मी मागं. ती मध्येच हळू व्हायची, खड्डा आला की तोंडातल्या तोंडात म्हणायची, "सांभाळून." रिक्षावाले विचारत होते, बेन, क्यां जवुं छे, कुठं जायचं? ती चालतच राहिली. फाटक बंद होतं. ती पट्टीशी उभी राहिली, ताठ, आणि मागं वळायचा मोह तिच्या मानेत मला दिसत होता. मानेची शीर थडथड उडत होती. गाडी गेली. फाटक वर गेलं. कसला आवाज आला नाही. ती रूळ ओलांडून गेली.

चाळीत शिरलो तेव्हा गायत्री दारात तांब्या घेऊन उभी होती. पायांवर पाणी घालायला. ती आमच्याकडं बघत होती, रडून रडून डोळे सुजलेले. सुंदरा उंबऱ्याशी आली, घागरीपुढं थांबली. आत जाईना. पाठमोरीच मला विचारलं, "उषाताई, मांगे उनात ना त्या?"

मागं आले ना ते?

काय सांगू? मी मागंच होते, माझ्यासमोर रिकामा बोळ होता. नाही म्हणायला जीभ उचलली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की शोरूमपासून इथवर, गर्दीत, फाटकाशी, या अरुंद बोळातसुद्धा, मी सुंदराच्या मागोमाग चाललेच नव्हते. एक माणूस चालेल एवढी जागा सोडून चालले होते. सगळ्या वाटेत एकदाही मी त्या जागेत पाय टाकला नव्हता.

"आले," मी म्हटलं. "दारात काय उभी आहेस? बाजूला हो, त्यांना आत येऊ दे."

सुंदरा बाजूला सरकली. गायत्रीनं खाली वाकून तांब्यातलं पाणी उंबऱ्यासमोरच्या रिकाम्या जमिनीवर घातलं, हळूहळू, आधी एका पायावर घालावं तसं, मग दुसऱ्या.